यंत्राने जात गाळली : कॉलेजातील एआय आणि आपली पहिली पिढी

एआय आल्यापासून पोरे बिघडली, असे म्हणणाऱ्या प्राध्यापक मंडळींना आमचा पहिला प्रश्न असा की त्याआधी तुमच्या कॉलेजात नेमके काय चालले होते? यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. वणीला जा, पुसदला जा, दारव्ह्याला जा. कॉलेजच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर एक तरी झेरॉक्स सेंटर सापडेलच. तिथे बी.ए.च्या विषयांचे ‘अपेक्षित’ मिळते, तयार असाइनमेंट मिळते, मागच्या वर्षीचा प्रकल्पही मिळतो. पहिले पान बदलायचे, स्पायरल बाइंडिंग करायचे आणि जमा करायचे. वर्गात सर पिवळ्या पडलेल्या वहीतून नोट्स सांगणार, मुले उतरवून घेणार, आणि उन्हाळी परीक्षेत त्याच नोट्स ‘टिपा लिहा’ या मथळ्याखाली सरांकडे परत जाणार. या सगळ्या फेऱ्यात विद्यार्थ्यावर स्वतःचे एक वाक्य लिहिण्याची वेळ कुठे आली? झेरॉक्सवाला त्याचे पैसे घ्यायचा, मोबाइल तेच काम फुकट करतो, एवढाच बदल झाला आहे. धंदा बुडाला तो झेरॉक्सवाल्याचा. त्याने रडावे, ते समजू शकते.

म्हणून ‘एआय म्हणजे कॉपी’ हा आरोप आम्ही जसाच्या तसा मान्य करत नाही. ‘एआय म्हणजे क्रांती’ ही दवंडीही मान्य करत नाही; ती पिटणाऱ्यांना विकायचे काहीतरी असते. आमची चिंता वेगळी आहे. ज्या घरातून कॉलेजची पायरी पहिल्यांदाच कोणी चढले आहे, त्या घरातल्या मुलामुलीच्या हाती हे यंत्र आल्यावर त्यांचे काय होते? बळ मिळते, की आवाज जातो? विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग घेताना आम्हाला जे दिसते ते असे की दोन्ही होते, आणि बऱ्याचदा एकाच दिवशी होते.

आधी बळाची बाजू सांगतो, कारण आपल्याकडचे बरेच जण ती नाकारतात. समाजशास्त्रात बुर्द्यू या फ्रेंच अभ्यासकाची ‘सांस्कृतिक भांडवल’ ही संकल्पना शिकवतात. शब्द जड आहे, अर्थ सोपा आहे. काही घरांत पुस्तकांचे कपाट असते, जेवताना संपादकीयावर वाद होतो, पुण्यातला काका अर्ज तपासून देतो, मावशी इंग्रजी सुधारून देते. त्या घरातल्या मुलाला ही शिकवणी आहे असे वाटतही नाही. त्याला वाटते आपण हुशार आहोत. आपल्या पोराचा बाप दुसऱ्याच्या वावरात असतो, माय निंदणाला जाते, आणि पोरगा समाजकल्याणच्या वसतिगृहात रात्री अकरा वाजता ‘गृहीतक म्हणजे काय’ हे कोणाला विचारावे म्हणून बसलेला असतो. वर्गात विचारले तर वऱ्हाडी हेल ऐकून मागच्या बाकावरचे हसतात. सरांना विचारले तर सर म्हणतात, अकरावीत काय केलं? मोबाइलमधले यंत्र हसत नाही. दहाव्यांदा विचारले तरी कंटाळत नाही. झरी-जामणीकडच्या एका कोलाम पोडावरून आलेल्या मुलाने प्रमाण विचलन याच पद्धतीने समजून घेतले. यंत्राने आधी दहा घरांच्या मजुरीचे उदाहरण दिले. तेही कळले नाही तेव्हा त्याने सांगितले की बकऱ्यांच्या वजनाचे उदाहरण दे. दिले. आम्ही त्याला उलटसुलट विचारून पाहिले, त्याला खरोखर समजले होते.

तेव्हा जे प्राध्यापक ‘कॉलेजात एआयवर पूर्ण बंदी घाला’ म्हणतात, त्यांनी बंदी कोणावर लागू होणार याचा विचार करावा. काका आणि मावशीवर बंदी येत नाही. खासगी क्लासवर येत नाही. बंदी येते ती फक्त ज्याला दुसरे कोणी नाही त्याच्या एकमेव शिकवणीवर.

पण हे यंत्र फुकट का मिळते, हेही विचारले पाहिजे. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुले झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतासाठी महिना ३९९ रुपयांची योजना आली आणि ४ नोव्हेंबरपासून तीच योजना वर्षभर फुकट देण्यात आली. त्याच सुमारास जिओने गूगलच्या जेमिनीची महागडी योजना अठरा महिने मोफत जाहीर केली, आणि सुरुवात कोणापासून केली? अठरा ते पंचवीस वयोगटापासून, म्हणजे नेमक्या कॉलेजच्या पोरांपासून. सावकारही पहिल्या वर्षी गोडच बोलतो, हे कापसाच्या पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. सवय लागल्यावर भाव ठरतो. तोपर्यंत आपली पोरे जे प्रश्न विचारतात, जे लिहितात, ते कंपनीला यंत्र सुधारायला मिळते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये इंडिया एआय मिशनसाठी दहा हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. चांगली गोष्ट आहे. मात्र महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरून हप्त्याची वाट पाहणाऱ्या मुलाला विचारा, देशाची एआयमधली झेप त्याला कशी दिसते.

आता आवाज जाण्याची बाजू. इथे आम्हाला जरा सविस्तर बोलायचे आहे.

आमच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या एका मुलीने बी.ए.च्या शेवटच्या वर्षात कापूस वेचणाऱ्या बायांवर प्रकल्प केला. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत, म्हणून आता असे प्रकल्प सगळ्यांनाच करावे लागतात. बहुतेक जण ते घरबसल्या करतात. तिने खरोखर केले. तिची आई वेचणीला जाते, त्यामुळे वावरात शिरायला कोणाची परवानगी लागली नाही. बायांशी ती त्यांच्याच बोलीत बोलली, मोबाइलवर आवाज टिपून घेतला, रात्री ऐकून वहीत उतरवला. किलोमागे वेचणीचा भाव काय, दिवसाला किती किलो वेचून होते, पाठ कुठे दुखते, हात कशाने चिरतात, लेकरू कोणाजवळ ठेवून येता, सगळे विचारले. एका बाईने तिला सांगितले, “मालकीण वरून पाणी टाकते, आमी वंजळीनं पितो. गडव्याले हात लावू देत नाई.”

वहीतला मजकूर वऱ्हाडीत होता. कॉलेजात प्रमाण मराठी लागते. म्हणून तिने तो एका चॅटबॉटला दिला आणि सांगितले की हे शुद्ध मराठीत करून दे. यंत्राने अर्ध्या मिनिटात करून दिले. भाषा गुळगुळीत, परिच्छेद आखीव, शेवटी ‘निष्कर्ष’ आणि ‘शिफारशी’ही न मागता जोडलेल्या. पऱ्हाटीचे कपाशीचे रोप झाले, ते ठीक. वेचणीच्या भावाचे ‘मोबदल्याचा दर’ झाले, तेही चालून जाईल. पण त्या बाईच्या वाक्याचे काय झाले, ते पाहा. यंत्राने लिहिले, “कामाच्या ठिकाणी पिण्याच्या पाण्याच्या सुविधेचा अभाव दिसून येतो.”

मित्रहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. पाण्याचा अभाव नव्हता. पाणी होते, गडवा होता, मालकीण होती, आणि बाईच्या हातांचा विटाळ होता. यंत्राने मालकीण काढली, हात काढले, विटाळ काढला, आणि अस्पृश्यतेची गैरसोय करून टाकली. महाडला आपल्या लोकांनी १९२७ साली जे केले ते ‘सुविधेच्या अभावा’साठी केले होते काय? यंत्राच्या भाषेत लिहायचे तर चवदार तळ्याचा सत्याग्रह हा पाणीपुरवठ्याचा प्रश्न ठरेल.

हे यंत्राने मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. त्याला हेतू नसतो. त्याने जे वाचले आहे त्याची सरासरी ते आपल्याला देते. आणि त्याने काय वाचले आहे? अशा यंत्रांना शिकवायला वापरल्या जाणाऱ्या कॉमन क्रॉल नावाच्या मजकुराच्या साठ्यात चाळीस टक्क्यांहून अधिक भाग एकट्या इंग्रजीचा आहे. मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक होते, तरी त्या साठ्यात मराठीचा वाटा अर्धा टक्कासुद्धा नाही. त्या इवल्याशा मराठीत सरकारी परिपत्रके, वर्तमानपत्रे, जाहिराती, देवस्थानांच्या वेबसाइटी. वेचणीवाल्या बाईने इंटरनेटवर काही लिहिलेले नाही. कोलामी आणि गोंडी तर संविधानाच्या आठव्या अनुसूचीतही नाहीत, त्यामुळे सरकारच्या ‘भाषिणी’सारख्या प्रकल्पातही त्या भाषांना बावीस अनुसूचित भाषांच्या मागे रांगेत उभे राहावे लागते. ज्याने लिहिले त्याचे जग यंत्रात उतरले. लिहिण्याची बंदी कोणावर होती, हे या ब्लॉगच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण छापून आलेले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ या नियतकालिकाने भारतातल्या जातीबाबत चॅटजीपीटी तपासून पाहिले. त्यात बंगळूरूच्या एका दलित समाजशास्त्र संशोधकाची हकिकत आहे. त्याने फेलोशिपच्या अर्जाचे इंग्रजी नीट करायला सांगितले. यंत्राने इंग्रजी नीट केले आणि सोबत त्याचे आडनाव बदलून ‘शर्मा’ करून टाकले. का केले असे विचारल्यावर मिळालेल्या उत्तराचा मथितार्थ असा की संशोधनाच्या क्षेत्रात वरच्या जातींची आडनावे अधिक आढळतात. त्याच तपासणीत जातीविषयीची १०५ गाळलेल्या जागांची वाक्ये यंत्राला भरायला दिली, त्यातली ८० त्याने रूढ जातीय समजुतीप्रमाणे भरली. श्रीनिवासांनी १९५० च्या दशकात ‘संस्कृतीकरण’ नावाची संकल्पना मांडली, जिच्यात एखादी जात वर चढायला पिढ्या घालवते. यंत्राने तो प्रवास एका क्लिकमध्ये करून दिला, तोही न मागता! हसू येते. पण तो अर्ज तसाच पाठवला गेला असता तर?

अमेरिकेतही हेच दिसते आहे. २०२४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी काळ्या लोकांच्या बोलीतली इंग्रजी वाक्ये आणि प्रमाण इंग्रजीतली वाक्ये यंत्रांपुढे ठेवली. बोलणारा काळा आहे असे कुठेही लिहिले नव्हते. तरी त्या बोलीत बोलणाऱ्याला यंत्रांनी कमी प्रतिष्ठेची कामे सुचवली. उघडपणे वंशाविषयी विचारले तर तीच यंत्रे गोड गोड उत्तरे देत होती. आपल्याकडच्या ‘आम्ही जात मानत नाही’ म्हणणाऱ्या घरांची आठवण झाली.

आता त्या मुलीच्या प्रकल्पाकडे परत येऊ, कारण गोष्ट तिथे संपली नाही. प्रकल्प जमा झाला. तोंडी परीक्षेत प्राध्यापकांनी दोन पाने चाळली आणि म्हणाले, “हे तू लिहिलेलं नाही. तुझ्या घरी असं मराठी कोण बोलतं?” याचा अर्धा भाग खरा होता. भाषा तिची नव्हती. काम मात्र पूर्णपणे तिचे होते. तिच्या मोबाइलमध्ये बावीस बायांचे आवाज होते, ते ऐकायची तयारी समोरच्याने दाखवली नाही. त्याच दिवशी झेरॉक्स सेंटरमधले दोन प्रकल्प निमूट पास झाले, कारण ते वाचताना कोणाला काही वेगळे वाटलेच नाही. आम्ही त्या कॉलेजचे नाव घेत नाही; नाव घेतले तर बाकीची कॉलेजे सुटल्यासारखी होतील. पुढे ती विभागप्रमुखांकडे गेली, वही आणि रेकॉर्डिंग टेबलावर ठेवले, आणि तिचे गुण दुरुस्त झाले. तिच्यात ती हिंमत होती. दहातल्या नवांत नसते.

संशयाचे हे राजकारण पुढे वाढणार आहे. ‘हे तू लिहूच शकत नाहीस’ हे वाक्य आपल्या लोकांना नवे नाही. चांगले लिहिणाऱ्या प्रत्येक दलित मुलाने ते कधी ना कधी ऐकले आहे. आता त्या वाक्याला मशीनचा दाखला मिळू लागला आहे. मजकूर एआयने लिहिला की माणसाने, हे ओळखणारी सॉफ्टवेअर कॉलेजे वापरू लागली आहेत. ती किती भरवशाची? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात सॉफ्टवेअर तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी ‘एआयने लिहिलेले’ ठरवले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. कारण असे की परकी भाषा शिकणारा माणूस साधे, ठरावीक शब्द वापरतो आणि सॉफ्टवेअरला साधेपणा यंत्रासारखा वाटतो. खुद्द ओपनएआय कंपनीने आपले ओळखयंत्र जुलै २०२३ मध्ये मागे घेतले, अचूकता कमी आहे असे सांगून. बनवणाऱ्यालाच ज्याचा भरवसा नाही, त्याच्या आधारे घाटंजीच्या मुलीचे अंतर्गत गुण कापायचे?

आणि अंतर्गत गुण म्हणजे काय चीज आहे, हे आपण जाणतो. लेखी पेपरवर निदान बैठक क्रमांक असतो, तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही. अंतर्गत गुणांत आडनाव समोर उभे असते. नव्या धोरणात अंतर्गत मूल्यमापनाचे वजन वाढले, त्यात एआयच्या संशयाची भर पडली. म्हणजे आडनाव पाहून निर्णय घेण्याची जागा आणखी रुंद झाली.

बाबासाहेबांनी १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीपुढे लेखी निवेदन दिले होते. त्यात विद्यापीठीय शिक्षणाचे काम काय असावे हे त्यांनी सांगितले. त्याचा आशय असा की विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती आणि सिद्धान्त भरणे हे मुख्य काम नव्हे. त्याचे स्वत्व जागे करणे, त्याला बौद्धिक कष्ट करायला लावणे, मोठमोठ्या ग्रंथकारांनाही तपासून घेण्याची सवय लावणे हे काम. शंभर वर्षे उलटली. माहिती भरण्याचे काम यंत्र आता प्राध्यापकांपेक्षा चांगले करते, यात वाद नाही. उरलेले काम, जे बाबासाहेबांनी मुख्य म्हटले होते, ते करायला प्राध्यापक मोकळे झाले असे आपण समजू या. करतात का? आमच्या ऐकण्यात आले आहे की काही कॉलेजांत प्रश्नपत्रिका एआयकडून काढतात, पीपीटी एआयकडून करतात आणि नॅकच्या अहवालातली भारदस्त वाक्येही तिथूनच येतात. विद्यार्थी एआयकडून उत्तर लिहितो. म्हणजे यंत्राने विचारले, यंत्राने सांगितले, माणसे फक्त हजेरीपटावर.

औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये कॉलेज काढले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले, परिसराला नागसेनवन. बाबासाहेबांनी असे नाव का पसंत केले, हे ‘मिलिंद प्रश्न’ या ग्रंथाची गोष्ट माहीत असली की कळते. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा, प्रश्न विचारून भल्याभल्यांना निरुत्तर करणारा. भिक्खू नागसेन त्याला वादासाठी एक अट घालतो. पंडितांसारखा वाद करणार असशील तर बोलतो, राजांसारखा करणार असशील तर नाही. पंडितांच्या वादात चूक दाखवली तर समोरचा ती मान्य करतो, रागावत नाही. राजांच्या वादात विरोध करणाऱ्याला शिक्षा होते. राजा अट मान्य करतो.

चॅटबॉट यातला कोण? तो पंडितही नाही आणि राजाही नाही. तो दरबारातला होयबा आहे. तुम्ही म्हणालात पुणे करार आपल्या हिताचा होता, तर म्हणेल अगदी बरोबर, आणि कारणे देईल. दुसऱ्याने विचारले तो घात होता ना, तर त्यालाही म्हणेल अगदी बरोबर, आणि कारणे देईल. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक सुधारित आवृत्ती इतकी लाळघोटी निघाली की कंपनीलाच ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली. नागसेन राजाला रथाचे उदाहरण देऊन अडवतो: रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? राजाला उत्तर सापडत नाही, आणि त्या अडण्यातून त्याला कळते. ज्याच्याकडून आपण शिकतो तो कधीतरी आपल्याला अडवतो. होयबा अडवत नाही.

तो आणखी एक गोष्ट करतो, ती आपल्या चळवळीला थेट बाधणारी आहे. अभ्यासवर्गात एका मुलाने भाषणासाठी बाबासाहेबांचे शिक्षणावरचे उद्धरण यंत्राकडे मागितले. यंत्राने सुंदर, टाळी घेणारे वाक्य दिले, सोबत खंड १८ आणि पान क्रमांक. अठराव्या खंडाचे तीनही भाग आमच्याकडे आहेत. आम्ही तिन्हीत ते पान उघडले. वाक्य कुठेच नव्हते. यंत्राला विचारले तर त्याने माफी मागितली आणि दुसरे पान सांगितले. तेही खोटे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी असेच यंत्राने रचलेले खटले न्यायालयात दाखल केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. आपल्याकडे दंड नाही, त्यामुळे १४ एप्रिलच्या फ्लेक्सवर उद्या काय काय छापले जाईल ते सांगता येत नाही. आणि एकदा खोटी वाक्ये फिरू लागली की खरी, धारदार, अडचणीची वाक्ये बाजूला पडतात. खोट्या वाक्यांतले बाबासाहेब नेहमी सौम्य असतात, हे लक्षात घ्या.

याला उपाय काय? मूळ ग्रंथ. ते हवे तितके उपलब्ध आहेत का? बाबासाहेबांच्या समग्र वाङ्मयाची छपाई कागद घेऊनही रखडल्याची बातमी ‘लोकसत्ता’ने दिली तेव्हा, डिसेंबर २०२१ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ही मागणी आपण आजवर ग्रंथप्रेमातून करत आलो. आता ती शिक्षणाची मागणी म्हणून करावी लागेल. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ यांतला मराठी मजकूर स्वच्छ, शोधता येईल अशा स्वरूपात सर्वांसाठी खुला झाला, तर मुलाला यंत्राचे उत्तर दोन मिनिटांत पडताळता येईल. नाही झाला तर यंत्र सांगेल तेच बाबासाहेब.

आता सगळ्यात मोठ्या धोक्याकडे येतो. राज्यातल्या अनुदानित कॉलेजांत प्राध्यापकांच्या हजारो जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत. आपले नेट-सेट झालेले, पीएच.डी. झालेले भाऊबहीण तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात एसटीने फिरत आहेत आणि मानधनाची वाट पाहत आहेत. अशा वेळी २०२५ मध्ये राज्य सरकारने एआय विद्यापीठासाठी कृती दल नेमले. विद्यापीठ जरूर काढा. पण उद्या कोणी शहाणा म्हणाला की तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्राचा पूर्णवेळ प्राध्यापक कशाला, एक स्मार्ट बोर्ड आणि एक एआय शिक्षक पुरे, तेव्हा आपण काय उत्तर देणार? आमचे उत्तर आजच तयार आहे. यंत्राला बिंदुनामावली लागत नाही. प्राध्यापकाची एक जागा गेली की तिच्यासोबत अनुसूचित जातीचा, जमातीचा, भटक्यांचा, ओबीसींचा बिंदूही गेला. आणि गरिबाच्या पोराला यंत्र, श्रीमंताच्या पोराला माणूस, अशी वाटणी झाली की तिला नवी वर्णव्यवस्था म्हणायला आम्हाला संकोच वाटणार नाही. दिल्ली-मुंबईच्या महागड्या संस्थांत आजही पंधरा मुलांमागे एक शिक्षक बसून चर्चा घेतो. ते लोक स्वतःच्या मुलांना नुसत्या यंत्राच्या हवाली करत नाहीत.

जाता जाता एक गोष्ट. हे यंत्र इतके सभ्य कसे बोलते? जानेवारी २०२३ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने दाखवून दिले की इंटरनेटवरची घाण वाचून, छाटून वेगळी काढायला केनियातल्या कामगारांना तासाला दोन डॉलरहून कमी मजुरीवर बसवले होते. बलात्काराची, खुनाची वर्णने दिवसभर वाचायची, म्हणजे आपल्यासमोर स्वच्छ उत्तर येते. गटारात कोणाला तरी उतरवल्याशिवाय कोणाचे अंगण स्वच्छ राहत नाही, हा नियम संगणकालाही लागू आहे तर.

आमच्या अभ्यासवर्गात आम्ही सध्या काय करतो ते सांगतो. कोणाला उपयोगी पडले तर पडले. आधी हाताने, आपल्या बोलीत, चुका झाल्या तरी चालतील असे लिहायचे. मग यंत्राला द्यायचे. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून यंत्राने काय गाळले त्याखाली लाल रेघ मारायची. पहिल्या रविवारी मुलांना हा खेळ वाटला. तिसऱ्या रविवारपर्यंत त्यांना साचा दिसू लागला: ‘सवर्ण’चे ‘काही घटक’ होते, ‘बहिष्कार टाकला’चे ‘मतभेद झाले’ होते, ‘मारले’चे ‘घटना घडली’ होते. आणि कोणी केले, हा कर्ता तर हमखास गायब होतो. एक मुलगी म्हणाली, “सर, हे तं ठाणेदारासारखं लिहिते!” ॲट्रॉसिटीची फिर्याद लिहून घेताना ठाण्यात जे होते ते तिने घरात पाहिले आहे. इतके नेमके विश्लेषण आम्ही एम.ए.ला वाचले नव्हते. यंत्राला काय सांगायचे हेही मुले आता शिकली आहेत: माझे शब्द बदलू नको, कर्ता काढू नको, फक्त शुद्धलेखन तपास. असे सांगितले की ते बऱ्यापैकी ऐकते. म्हणजे हत्यार वाईट नाही, पण मूठ आपल्या हातात पाहिजे.

कॉलेजकडे मात्र मागावेच लागेल. एआय कशासाठी वापरता येईल आणि कशासाठी नाही, हे सत्र सुरू होतानाच लेखी, मराठीत, सूचनाफलकावर लागले पाहिजे. तोंडी परीक्षेच्या दिवशी प्राध्यापकाच्या मनात आले म्हणून नियम तयार होता कामा नये. ओळखयंत्राच्या आकड्यावर एकाही विद्यार्थ्याचा एकही गुण कापला जाऊ नये. शंका असेल तर विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्या बोलीत विचारावे, आणि विचारणारा एकटा नसावा, दोघे असावेत, त्यातला एक मागासवर्गीय असावा. प्रकल्पात बोलीतली मूळ विधाने जशीच्या तशी जोडण्याची मुभा असावी, त्यासाठी गुण कापू नयेत. ग्रंथालयात चार संगणक आणि चालू इंटरनेट रात्री आठपर्यंत मिळावे, कारण वसतिगृहातल्या सगळ्यांचा डेटा पॅक महिनाअखेरपर्यंत टिकत नाही. आणि रिकाम्या जागांची बिंदुनामावलीनिहाय माहिती माहिती अधिकारात दरवर्षी मागायचीच, ती कोणी आपणहून देणार नाही.

कॉलेजात समान संधी केंद्र असते. बऱ्याच ठिकाणी ते एका दारावरच्या पाटीपुरते आहे, तरी अर्ज तिथेच द्या आणि एक प्रत प्राचार्यांना द्या. पाच-सात जणांच्या सह्या घ्या, त्यात मुलींच्या सह्या असू द्या. पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. कारकून म्हणेल ठेवून जा, ठेवून जाऊ नका. आवक क्रमांक आणि तारीख आपल्या प्रतीवर टाकून घ्या.